एक आर्टरी कमी

"काळे म्हणजे कुठले काळे?"

हॉस्पिटलच्या मॅनेजर ठुबे साहेबांनी माझ्या कागदांवरून नजर न उचलता विचारलं. हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. आधीच्या सगळ्या मुलाखतींत तो आला होता आणि प्रत्येक वेळी मी 'कर्जत तालुका' एवढंच बोलून गप्प बसले होते. मग समोरचा माणूस हसत हसत आणखी थोडं खणायचा, मी आणखी थोडं लपवायची आणि शेवटी 'कळवतो' म्हणून मला वाटेला लावायचा. त्या दिवशी का कोण जाणे, लपवायचाच कंटाळा आला.

"मिरजगावच्या पुढं वस्ती आहे आमची. पारध्यांची."

ठुब्यांनी आता मात्र वर बघितलं. आधी माझ्याकडं, मग टेबलावर ठेवलेल्या स्वतःच्या मोबाइलकडं. अगदी सहज केल्यासारखं दाखवत त्यांनी तो उचलला आणि खिशात टाकला.

त्यांच्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. केस पांढरे, चष्मा दोरीला बांधून गळ्यात सोडलेला. नगरमधल्या त्या खासगी हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरच्या त्या इन्चार्ज, भिंगारदिवे सिस्टर. मोबाइल खिशात गेला तो त्यांनीही पाहिला असणार. पण चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

"हात दाखव," त्या म्हणाल्या.

मी दोन्ही हात पुढं केले. त्यांनी नखं बघितली, तळवे उलटसुलट करून बघितले, बोटं दाबली.

"घाम येतो हाताला?"

"आत्ता आलाय, सिस्टर. एरवी नाही येत."

"महिनाभर काम बघीन. तुझ्यासारखा आणखी एक मुलगा आहे. जागा एकच आहे. उद्या सात वाजता ये."

ठुबे साहेब काही बोलायला गेले, पण सिस्टर तोवर उठून चालायला लागल्या होत्या.

मी ओटी टेक्निशियनचा डिप्लोमा केला होता. शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक करायची, मांडायची, डॉक्टरांना लागेल ते हातात द्यायचं आणि शेवटी सगळं मोजून परत घ्यायचं, असं ते काम. कॉलेजात शेवटच्या महिन्यात एक सर खास पुण्याहून आले होते. मुलाखत कशी द्यायची ते शिकवायला. आत्मविश्वास दाखवा, म्हणाले. डोळ्यांत डोळे घालून बोला. मी वहीत लिहून घेतलं, पण हसू येत होतं. आमच्या वस्तीवर पोलिसांची गाडी यायची तेव्हा डोळ्यांत डोळे घालणाऱ्याला पहिलं उचलायचे.

माझ्या बापाची शिकवण वेगळी होती. नगरला निघाले तेव्हा स्टँडपर्यंत सोडायला आला होता. गाडी लागल्यावर खिडकीशी येऊन म्हणाला, "बबे, हात कायम लोकांना दिसतील असे ठेव. खिशात घालू नको, पाठीमागं नेऊ नको. कुणाची वस्तू पडलेली दिसली तर उचलून देऊ नको, दुसऱ्याला हाक मार." तालुक्यात कुठं चोरी झाली की त्याला चौकीवर नेऊन बसवायचे. कधी दिवसभर, कधी जास्त. हे शहाणपण त्यानं तिथून आणलेलं होतं.

मी ते काटेकोर पाळलं. बिनखिशाचे ड्रेस शिवून घेतले. डबा, कंगवा, बसचा पास असलं सगळं मी एका पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत नेत असे, म्हणजे कुणालाही बाहेरूनच दिसावं आत काय आहे ते. तुषार डोके नावाचा तो दुसरा मुलगा पहिल्याच दिवशी म्हणाला, "भारी आयडिया आहे ही. डबा हरवत नाही." तो चेष्टा करत होता की त्याला खरंच कळलं नव्हतं, मला ठरवता येईना. तिथं कुणाचंच मला काही ठरवता येत नव्हतं.

त्यात सिस्टर माझ्या मागून मोजायच्या.

मी सेट लावायची. हत्यारं ओळीनं मांडायची, मोजायची, वर हिरवा कपडा घालायची. मी बाजूला झाले की त्या यायच्या, कपड्याचं टोक उचलायच्या आणि ओठ हलवत पुन्हा सगळं मोजायच्या. ऑपरेशन संपल्यावरही तेच. कधी 'बरोबर आहे' म्हणायच्या नाहीत, कधी 'चुकलं' म्हणायच्या नाहीत. कपडा खाली सोडायच्या आणि जायच्या. तुषारच्या सेटजवळ मी त्यांना तसं करताना एकदाही पाहिलं नव्हतं.

मी स्वतःला समजावायची, नवीन आहेस म्हणून करत असतील. पण नवीन तर तुषारही होता.

महिना अर्धा उलटला तेव्हा खालच्या मजल्यावर एका पेशंटच्या मुलाचा मोबाइल हरवला. मी त्या मजल्यावर पायही ठेवला नव्हता. तरी ठुबे साहेब वर आले. ओटीच्या दारापाशी मला बोलावून गोड आवाजात म्हणाले, "काही नाही, सहज विचारतो. सकाळी खाली जनरल वॉर्डात गेली होतीस का?"

"नाही साहेब."

"आठवून बघ."

"नाही गेले."

"बरं बरं. सहज विचारलं."

मागं सिस्टर हातमोजे डब्यात भरत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी झाडणाऱ्या मावशींकडून कळलं, मोबाइल गादीखाली सापडला होता. मला येऊन कुणी सांगितलं नाही.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात किडा शिरला. मी 'वस्ती पारध्यांची' म्हणाले तेव्हा खोलीत दोघंच होते. सिस्टरांनीच ठुब्यांना सांगितलं असेल का, हिच्यावर लक्ष ठेवा म्हणून? मला महिनाभर राबवून घ्यायचं आणि शेवटी तुषारला घ्यायचं, असं आधीच ठरलं असेल का? तुषार सिस्टरांना चहा आणून द्यायचा. ठुब्यांच्या केबिनमध्येही तो मला एकदा दिसला होता. मी सगळ्यांकडं तिरक्या नजरेनं बघायला लागले. कुणी दोघं हळू आवाजात बोलत असले की माझ्याचबद्दल बोलतायत असं वाटायचं. आणि मी आत गेले की ती थांबायचीही.

महिना संपत आला तेव्हा कडूबाई आल्या.

पाथर्डीकडच्या. पोटात मोठी गाठ होती. टेबलावर घेतलं तेव्हा त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"पोरी, नाव काय तुझं?"

"बबिता."

"कुणाची गं?"

साध्या म्हाताऱ्या बाईनं विचारलं, तरी मी सावध झाले. गावाकडं 'कुणाची' म्हणजे काय विचारतात ते मला ठाऊक होतं.

"काळ्यांची."

"हं," त्या म्हणाल्या. "झोप लागेपर्यंत हात सोडू नको बाई."

भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी खूण केली, कडूबाईंची बोटं सैल पडली आणि मग मी हात धुवायला गेले.

त्या दिवशी सर्जन डॉक्टर खासनीस सरांचा मदतनीस आला नव्हता. म्हणून सिस्टर स्वतः गाऊन घालून सरांच्या समोर उभ्या राहिल्या आणि हत्यारांची ट्रॉली पहिल्यांदाच पूर्ण माझ्याकडं आली. तुषार बाहेरचं बघणार होता. लागेल ते पाकीट उघडून देणं, पेशंटवर अंथरलेले कपडे रक्तानं भिजले की बाजूला टाकणं, असं.

सुरुवातीला सगळं नीट चाललं होतं. मग गाठ सुटताना एक रक्तवाहिनी निसटली. पोट भरून यायला लागलं. सर ओरडले, "आर्टरी! आर्टरी दे! दुसरी!" आर्टरी म्हणजे कात्रीसारखं दिसणारं हत्यार, रक्तवाहिनी चिमटून धरतं ते. मी एकामागून एक हातावर आपटत गेले. रक्त ओढून घेणारी सक्शनची नळी सुरसुरत होती, कपडे भिजत होते, तुषार भिजलेले ओढून नवे पसरत होता. अखेर रक्त थांबलं. गाठ निघाली. सगळ्यांनी श्वास सोडला.

"शिवायला घेऊ," सर म्हणाले. "काउंट?"

मी मोजायला लागले. मॉप, म्हणजे पोटातलं रक्त टिपायचे कापडी तुकडे, बरोबर. सुया बरोबर. कात्र्या, चिमटे बरोबर. आर्टरी मोजल्या. एक कमी.

पुन्हा मोजल्या. कपडा उचलून पाहिलं, ट्रॉलीच्या कडेला पाहिलं, पायाशी पाहिलं. एक कमीच.

हाताला घाम फुटला. मोज्यांच्या आत तो बोटांवरून ओघळलेला कळत होता. मला एकदम ठुब्यांचा आवाज ऐकू आला. 'सहज विचारतो.' ओटीतलं हत्यार हरवलं आणि हरवलं ते माझ्या ट्रॉलीवरून. आता खालच्या मजल्यावर गेले नव्हते हे सांगूनही सुटका नव्हती.

तुषार माझ्या मागं येऊन उभा राहिला होता. त्याला मोजताना दिसलं असावं. तो मास्कमधून पुटपुटला, "कितीनं?"

"एक आर्टरी."

त्यानं कपाटातून जादा सेटचं पाकीट काढलं, माझ्या डोळ्यांसमोर धरलं आणि भुवया उंचावल्या. "उघडून टाकू का ट्रॉलीवर?" तो अगदी हळू म्हणाला. "काउंट जमेल. नंतर शोधू सावकाश. कुठं जाणारे?"

तो मला वाचवत होता की अडकवत होता, हे मला तेव्हा कळलं नाही. आजही माहीत नाही. एवढंच आठवतं, की ते पाकीट फार जवळ होतं. मी नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. काउंट बरोबर, पोट शिवलं, महिना संपला. आर्टरी उद्या कुठंतरी सापडली असती, किंवा नसती सापडली.

किंवा कडूबाईंच्या पोटात राहिली असती.

"काउंट सांगा की!" सर म्हणाले.

"एक आर्टरी कमी आहे, सर."

सरांनी मान वर केली.

"नीट मोजलंस का?"

"दोनदा मोजलं सर."

"मोजता येतं ना तुला?"

सिस्टर टेबलापासून मागं सरल्या, माझ्या ट्रॉलीशी आल्या आणि मोजायला लागल्या. त्यांचे मास्कआडचे ओठ हललेले मला दिसत होते. त्यांनी मोजून संपवलं आणि सरांकडं वळल्या.

"एक कमी आहे."

सरांनी पोटात हात घालून चाचपलं. सगळीकडं बघितलं. "काही नाही इथं." भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "सर, प्रेशर फार वर नाहीये. जास्त वेळ नका घेऊ."

"एक्स-रे बोलवा," सिस्टर म्हणाल्या. "आणि इथून काही बाहेर जायचं नाही. कचरा नाही, कपडे नाहीत, माणसं नाहीत."

एक्स-रेचं फिरतं मशिन यायला वेळ लागला. तेवढ्यात निरोप खाली पोचला असावा, कारण ठुबे साहेब वर आले. ओटीच्या दाराला वरच्या बाजूला काचेचा तुकडा बसवलेला होता. त्यातून बाहेरचा बाक दिसायचा. बाकावर कडूबाईंचे मालक आणि सून बसली होती. ठुबे साहेब त्यांच्या समोर उभे राहिले आणि त्यांनी बाकाच्या मोकळ्या टोकावर माझी प्लॅस्टिकची पिशवी उलटी केली.

सगळं आरपार दिसत होतं, तरी उलटी केली.

डबा पडला. त्यांनी तो उघडून पाहिला. भाकरी उचलून खाली बघितलं. कंगवा, रुमाल, बसचा पास. सॅनिटरी पॅडची घडी उलगडून बघितली. कडूबाईंच्या सुनेनं तोंड फिरवलं. म्हातारा मात्र टक लावून बघत होता.

मी निर्जंतुक गाऊन घालून, हात छातीशी धरून उभी होते. तो नियमच आहे. खाली करायचे नाहीत, कशाला लावायचे नाहीत. मनात आलं, मोजे फाडून टाकावेत आणि बाहेर जाऊन त्याच्या हातातून माझी भाकरी हिसकून घ्यावी. पाय उचललाही असेल मी.

"बबिता." सिस्टरांचा आवाज होता. "तिकडं बघू नकोस. तुझं टेबल इकडं आहे."

मला त्या क्षणी त्या बाईचा जितका राग आला, तितका ठुब्यांचाही आला नव्हता. माझी अब्रू बाहेर बाकावर पसरली होती आणि ह्यांना टेबलाची पडली होती. पण मी वळले. कडूबाईंच्या उघड्या पोटावर कपडा घातलेला होता, तो सरकला होता. मी तो नीट केला.

एक्स-रे झाला. सरांनी तो उजेडाकडं धरला. "साफ आहे. पोटात काही नाही. आता तरी शिवू का?"

"शिवा सर," सिस्टर म्हणाल्या.

आणि मला वाटलं, संपलं. आर्टरी पोटात असती तर निदान मी खरी ठरले असते. पोटात नाही, ट्रॉलीवर नाही, म्हणजे आता ती कुठं असणार ह्याबद्दल बाहेर कुणाच्या मनात शंका उरणार नव्हती. सर शिवत होते, मी टाके मारायचं सामान देत होते, आणि मनात हिशेब करत होते की आधी पोलीस येतील की आधी मला केबिनमध्ये बोलावतील, आणि मिरजगावला बापाला कोण सांगेल.

सिस्टरांनी मोजे काढले आणि खाली वाकून शोधायला सुरुवात केली. टेबलाखाली, दिव्याच्या पायाशी, कचऱ्याच्या पिशवीत हात घालून. मग त्या उभ्या राहिल्या.

"तुषार, कपड्यांचं गाठोडं एकच कसं? भिजलेले तर फार होते."

तुषार गडबडला. "एक मघाशीच बाहेर ढकललं, सिस्टर. पायात येत होतं. मावशी खाली घेऊन गेल्या."

"तू न मोजता?"

सिस्टरांनी फोनकडं बोट दाखवलं.

मावशींना फोन गेला. गाठोडं धुण्यात जायचं बाकी होतं, म्हणून सापडलं. ते वर आणून जमिनीवर सोडलं. सिस्टरांनी लांब चिमट्यानं एकेक कपडा उचलून झटकला. तिसऱ्या की चौथ्या कपड्याला काहीतरी लटकत होतं. आर्टरीच होती. कपड्याची घडी दातांत घट्ट धरून, कडी लागलेली. रक्त फुटलं तेव्हा सक्शनची नळी घसरू नये म्हणून ती कुणीतरी ह्या आर्टरीनं कपड्याला अडकवली होती. कुणीतरी म्हणजे सरांनीच. असलं काम दुसरं कुणी करत नाही. भिजलेला कपडा ओढला गेला तसा नळी सुटली आणि आर्टरी कपड्याबरोबर गेली.

सिस्टरांनी ती वर धरली. सरांनी एकदा बघितलं आणि शेवटच्या टाक्याची गाठ मारली.

"मिळाली ना? झालं मग," ते म्हणाले.



गाऊन काढून बाहेर आले तर माझी पिशवी बाकावर होती. कुणीतरी सगळं परत भरलं होतं. नंतर कळलं, कडूबाईंच्या सुनेनं. डबा मात्र उघडाच राहिला होता. मी ती भाकरी तिथंच कचऱ्याच्या डब्यात टाकली. उद्यापासून यायचं नाही, हे पक्कं केलं. पण जाण्याआधी एक माणूस मला सोडायचा नव्हता.

सिस्टर आतल्या खोलीत हत्यारं धूत होत्या. मी दारात उभी राहिले.

"पहिल्या दिवसापासून तुम्ही माझ्या मागून मोजताय," मी म्हणाले. "तुषारच्या मागून एकदाही नाही. तुम्हालाही तेच वाटत होतं ना? ठुबे साहेबांनी बोलून दाखवलं, तुम्ही न बोलता केलं."

त्यांनी नळ बंद केला नाही. "तुषार सेट लावतो ते दुपारच्या ऑपरेशनांना. तू घरी गेलेली असतेस. मी मोजते की नाही, तुला काय माहीत?"

त्यांनी पुढचं हत्यार पाण्याखाली धरलं.

"बावीस वर्षं ह्या खोलीत काढली मी. जो सेट लावेल त्याच्या मागून मोजते. सरांनी लावला तर सरांच्या मागून. संशय आहेच माझा. तुझ्यावर, तुषारवर. झोप झालेली नसली की माझ्यावर सगळ्यात जास्त."

"मग ठुबे साहेबांनी तरी वेगळं काय केलं?"

आता त्यांनी नळ बंद केला. हात पुसले. चष्मा डोळ्यावर चढवून माझ्याकडं नीट बघितलं. महिनाभरात पहिल्यांदा.

"ठुबे आर्टरी शोधत नव्हता, बबिता. तो तुला शोधत होता. आर्टरी मी शोधत होते. आर्टरी शोधणाऱ्याला ती मिळाली की तो थांबतो. तुला शोधणारा कधी थांबणार नाही. तुझ्याकडं आर्टरी नाही निघाली, तर दुसरं काही निघेल म्हणून बघत राहील."

मी उंबऱ्यावरच खाली बसले. इतका वेळ आवरलेलं रडू फुटलं. त्यांनी जवळ घेतलं नाही, पाणी दिलं नाही. रडू दिलं.

जरा वेळानं मी विचारलं, "मोबाइलच्या वेळी तुम्ही तिथंच बसला होता. तेव्हा का नाही बोललात?"

त्यांनी चष्मा काढून गळ्यात सोडला. "बोलायला पाहिजे होतं," एवढंच म्हणाल्या.

मग त्या परत नळाकडं वळल्या. "उद्या आतड्याचं मोठं काम आहे. सेट मी लावणार आहे. माझ्या मागून मोजायला माणूस लागेल. तुषारला सांगता येणार नाही. तो मला घाबरतो. चुकलं तरी बोलायचा नाही. तू यायचं की नाही, ते तू ठरव."

रात्रभर मी कॉटवर कूस बदलत होते. माझी आयुष्यभराची सवय अशी की कुणी संशय घेतला की आधी आक्रसायचं. हात दाखवायचे, पिशवी दाखवायची, मी नाही त्यातली म्हणत राहायचं. सगळे संशय मी एकाच गाठोड्यात बांधले होते. त्यातला एक वेगळा काढून बघायला मला कुणी शिकवलं नव्हतं. सकाळी सातला मी हॉस्पिटलच्या फाटकात होते.

महिन्याच्या शेवटी ठुबे साहेबांनी बोलावलं. सिस्टर काय म्हणाल्या, सर काय म्हणाले, मला माहीत नाही. मी कुणाला विचारलं नाही. साहेब पगार सांगून मोकळे झाले. "बाकी काही शंका?"

मी उभीच होते. त्यांच्या डोळ्यांत बघायचं ठरवून आले होते. पुण्याच्या सरांनी सांगितलं होतं म्हणून नव्हे.

"एक आहे साहेब. पुन्हा काही हरवलं तर पिशव्या तपासायच्या सगळ्यांच्या. तुमच्यापासून. आणि ज्याची पिशवी तो समोर असताना. हे आज सगळ्यांसमोर सांगणार असाल तर मी येते."

त्यांचा चेहरा लाल झाला. "नोकरी मागायला आलीस की अटी घालायला?"

"दोन्हीला," मी म्हणाले.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "सांगतो." सांगितलंही त्यांनी, दुपारच्या मीटिंगमध्ये, दुसऱ्या चार सूचनांच्या मधे कोंबून, माझं नाव न घेता. मी तेवढ्यावर भागवलं. तुषार पुढच्या आठवड्यात पुण्याला गेला. जाताना भेटायला आला, म्हणाला, "चांगलं झालं तुझं." मी हसले. विश्वास ठेवावा असं वाटलं, आणि नाहीही वाटलं.

नोकरी पक्की झाल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. एका तरुण मुलाचं पोट उघडलेलं होतं. ट्रॉली सिस्टरांकडं होती. शेवटी त्यांनी मोजलं आणि म्हणाल्या, "काउंट बरोबर."

सरांनी सुई घेतली. मी ठरल्याप्रमाणं कपडा उचलून मागून मोजायला लागले. हत्यारं बरोबर होती. मॉप मोजले. पुन्हा मोजले. दोन मॉप एकमेकांना चिकटलेले असतात तसे दिसत होते, पण वेगळे करायला गेले तर तो एकच होता. घडी पडलेला.

समोर बावीस वर्षं होती.

"सिस्टर, एक मॉप कमी आहे."

सरांचा हात जागच्या जागी थांबला. मी वाट बघत राहिले, आता कुणीतरी विचारील, नीट मोजलंस का म्हणून. कुणी विचारलं नाही. सिस्टरांनी एक पाऊल मागं घेतलं, सरांना म्हणाल्या, "आत बघा," आणि स्वतः जमिनीवर गुडघे टेकून टेबलाखाली शोधायला लागल्या.

सरांनी पोटात हात घातला. यकृताच्या मागून, रक्तानं ओला झालेला, मुठीएवढा तो मॉप त्यांच्या बोटांत वर आला.